सोन्यापेक्षा स्टील महाग! दुर्मिळ स्टील घड्याळांमागे संग्राहक का धावतात?

जुना दागिना मोडायला नेला की सराफ तो तराजूत टाकतो, तूट काढतो आणि त्या दिवसाच्या दराने हिशेब हातात ठेवतो. घडणावळीचे पैसे गेले ते गेलेच. हा हिशेब आपल्याकडे घरोघरी पाठ असतो. जुन्या महागड्या घड्याळांच्या बाजारात मात्र तो बरोबर उलटा चालतो. तिथे धातूची किंमत जवळजवळ शून्य आणि घडणावळीची कोट्यवधी.

खोटे वाटत असेल तर हे बघा. नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलाव संस्थेने पाटेक फिलिप कंपनीचे १५१८ या मॉडेलचे एक मनगटी घड्याळ विकले. बोली थांबली आणि सगळे शुल्क धरून किंमत झाली १ कोटी १० लाख स्विस फ्रँक. त्या वेळच्या दराने साधारण ७४-७५ कोटी रुपये! मनगटी घड्याळाला लिलावात तोवर एवढी रक्कम कधीच मिळाली नव्हती. बरं, हे घड्याळ सोन्याचे नव्हते, त्याला हिरे नव्हते. केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, साध्या स्टेनलेस स्टीलची. भंगारवाल्याला दिली तर चहाचेसुद्धा पैसे येणार नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेच घड्याळ पुन्हा फिलिप्सच्याच लिलावात आले आणि या वेळी १ कोटी ४१ लाख फ्रँकच्या वर गेले.

मग सोन्याचे १५१८ मिळत नाही का? मिळते की. आणि बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळते. खरी गंमत तिथेच आहे.

हे मॉडेल १९४१ मध्ये आले. स्टॉपवॉच आणि परपेच्युअल कॅलेंडर एकाच मनगटी घड्याळात असलेले, आणि एकेकटे न बनवता ओळीने तयार केलेले हे पहिले घड्याळ. परपेच्युअल कॅलेंडर म्हणजे महिना तीसचा की एकतीसचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हे घड्याळाला आपोआप कळते. चावी नियमित दिली तर २१०० सालापर्यंत तारखेला हात लावायची गरज नाही. २१०० ला चारने भाग जातो, तरी ते लीप वर्ष नाही, म्हणून तिथे एकदा हात लावावा लागेल. सगळे काम चाकांवर आणि स्प्रिंगवर. ना सेल, ना चिप. अशी सुमारे २८१ घड्याळे बनली. बहुतेक पिवळ्या सोन्यात, काही गुलाबी सोन्यात. स्टीलमधली आजवर फक्त चार माहीत आहेत.

चारच का, हे कॉमर्सच्या विद्यार्थ्याला चटकन समजेल. घड्याळाच्या आतल्या यंत्राला महिनोन्‌महिने कारागिराचे हात लागत. तो खर्च केस सोन्याची असो वा स्टीलची, तेवढाच. म्हणजे स्टील घेऊन ग्राहकाचे फार वाचत नव्हते. एवढे पैसे मोजणारा माणूस म्हणायचा, मग सोन्याचेच द्या. स्टील हा त्या काळी कामाचा धातू. सैनिक, डॉक्टर, इंजिनिअर यांच्या साध्या घड्याळांचा. गुंतागुंतीचे यंत्र स्टीलच्या डबीत बसवणे म्हणजे पैठणी वर्तमानपत्रात गुंडाळून देण्यासारखे होते. त्यामुळे ती बनलीच नाहीत. ज्यांना आज ती हवी आहेत ते त्या ‘न बनण्या’चे पैसे मोजतात.

एकच धातू, पण डब्याचा वेगळा आणि घड्याळाचा वेगळा

आपल्या स्वयंपाकघरातले चांगले स्टील असते ते ३०४ प्रकारचे. साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणून भांड्यावर ‘१८/८’ लिहिलेले दिसते. चांगल्या घड्याळाला वापरतात ३१६एल. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे घाम आणि समुद्राचे खारे पाणी त्याला लवकर खात नाही. गोव्याच्या किंवा कारवारच्या दमट हवेत राहणाऱ्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. रोलेक्स कंपनी त्याहून चिवट ९०४एल वापरते. रासायनिक कारखान्यांत आम्लाच्या संपर्कात येणाऱ्या भागांना लागते ते हे स्टील.

स्टील स्वस्त असले तरी ते घडवणे स्वस्त नाही. आपल्या उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. स्टेनलेस कापताना ते जागच्या जागी आणखी कडक होते आणि टूल खाते. सोने मऊ, हवे तसे वळते. स्टीलवर धारदार कड काढायची, शेजारचा एक पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत आणि दुसरा रेघांचा खरखरीत ठेवायचा, आणि दोन्हींच्या मधली रेष सुरीसारखी सरळ राहिली पाहिजे, हे फार जिकिरीचे काम आहे. ऑडमार पिगे कंपनीने ‘रॉयल ओक’ काढायचे ठरवले तेव्हा सुरुवातीचे नमुने चक्क पांढऱ्या सोन्यात करून बघितले, कारण त्या आकारात स्टीलपेक्षा सोने घडवणे सोपे होते. म्हणजे स्टीलच्या घड्याळाचा कच्चा आराखडा सोन्यात!

हातगाडीचा माल शोरूममध्ये

या ‘रॉयल ओक’ची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण स्टीलचा मान तिथून बदलला. २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सेको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. ते स्वतः सोन्याचे होते आणि ४ लाख ५० हजार येन किमतीचे होते, पण पुढच्या दहा वर्षांत क्वार्ट्झ इतके स्वस्त झाले की चावीच्या घड्याळांवर जगणारी स्वित्झर्लंडमधली गावेच्या गावे बसली.

त्या वादळाच्या तोंडावर ऑडमार पिगेच्या प्रमुखांनी जेराल्ड जेंटा या डिझाइनरला संध्याकाळी फोन केला आणि सकाळपर्यंत स्टीलच्या घड्याळाचे चित्र मागितले. जेंटांनी ते एका रात्रीत काढले, असे ते स्वतः सांगत. अष्टकोनी कडे, त्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू आणि केसमधूनच निघालेला स्टीलचा पट्टा. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून ती कल्पना सुचली म्हणे. १९७२ च्या बासेल प्रदर्शनात ते मांडले गेले. व्यास ३९ मिलिमीटर, म्हणजे त्या काळी थोराडच. किंमत ३,३०० स्विस फ्रँक. साध्या सोन्याच्या घड्याळापेक्षाही जास्त! लोक हसले. पहिली काही वर्षे विक्री रडतखडतच झाली. मग ते चालले, आणि असे चालले की आज ती कंपनी प्रामुख्याने त्या एका चेहऱ्यावर उभी आहे.

चार वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच जेंटांच्या आराखड्यावर पाटेक फिलिपने ‘नॉटिलस’ काढले. जहाजाच्या गोल खिडकीसारखे दिसणारे. त्याची जाहिरातच अशी होती की जगातल्या सर्वांत महाग घड्याळांपैकी एक स्टीलचे आहे. म्हणजे स्टील असणे लपवायचे सोडाच, तेच मिरवायचे. स्टीलला प्रतिष्ठा देण्याचे काम या दोन घड्याळांनी केले, यावर संग्राहकांत फारसा वाद नाही.

दोन प्रकारची टंचाई

इथे वाचकांनी एक फरक नीट लक्षात घ्यावा, कारण सगळा पैसा या फरकावर फिरतो. एक टंचाई आपोआप घडलेली असते. दुसरी ठरवून केलेली.

पहिलीचे उदाहरण वर आले, १५१८. दुसरे ठळक उदाहरण रोलेक्सचे ‘डेटोना’. मोटार शर्यतींसाठी १९६३ मध्ये आलेले हे चावीचे घड्याळ तेव्हा दुकानांत पडून राहायचे. त्यातही एक वेगळ्या अंकांची, दोन रंगांत भडक दिसणारी डायल होती, ती तर कुणालाच नको असायची. खप नाही म्हणून कमी बनली. पुढे अभिनेता पॉल न्यूमन याच्या मनगटावर ती फोटोंतून दिसू लागली आणि संग्राहकांनी त्या डायलला त्याचेच नाव देऊन टाकले. न्यूमनचे स्वतःचे घड्याळ त्याची पत्नी जोआन वुडवर्ड हिने दिलेले होते. नवऱ्याला शर्यतींचे वेड, म्हणून गाडी जपून चालव असे तिने मागच्या झाकणावर कोरून घेतले होते. १९८४ मध्ये न्यूमनने ते मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला ते लिलावात आले तेव्हा १ कोटी ७७ लाख डॉलरला गेले. मुळात काहीशे डॉलरची वस्तू!

या किमतीत धातू नाही, यंत्रही फारसे नाही. आहे ती दुर्मिळ डायल, एका माणसाची गोष्ट आणि ती गोष्ट खरी असल्याचा पुरावा.

ठरवून केलेली टंचाई कळायला आपल्याला लांब जायला नको. बजाज चेतकचे दिवस आठवा. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे आणि घाई असेल तर ‘ऑन’ देऊन दुसऱ्याचा नंबर घ्यायचा. तिथे टंचाई लायसन्स-परमिटची होती. इथे ती कंपनीच्या धोरणाची आहे. रोलेक्स वर्षाला दहा लाखांहून जास्त घड्याळे बनवते, असा जाणकारांचा अंदाज आहे. तरीही स्टीलचे डेटोना अधिकृत दुकानात गेल्या गेल्या मिळत नाही. यादीत नाव घालावे लागते, आणि ती यादी सरळ रांगेने पुढे सरकत नाही. आधी कोणी किती खरेदी केली, त्यावर पुढचा नंबर ठरतो असा अनुभव जगभरचे ग्राहक सांगतात. म्हणून तेच नवे घड्याळ दुकानाबाहेर येताच छापील किमतीपेक्षा महाग होते. ‘ऑन’ तोच, फक्त स्कूटरच्या जागी घड्याळ.

पाटेक फिलिपच्या नॉटिलसचे ५७११ हे मॉडेल २००६ मध्ये आले. मागणी एवढी वाढली की कंपनीचे प्रमुख थिएरी स्टर्न यांनाच ती नकोशी झाली. एकाच मॉडेलवर कंपनी टेकून राहू नये, अशी त्यांची भूमिका. २०२१ मध्ये त्यांनी स्टीलचे ५७११ बंद केले. कुठलाही उत्पादक चालता माल बंद करताना दहादा विचार करेल. पण बंद होणार म्हटल्यावर भाव आणखी भडकले. त्याच डिसेंबरात टिफनीच्या निळसर हिरव्या रंगाच्या डायलचे ५७११ फिलिप्सने न्यूयॉर्कला लिलावात काढले. टिफनी आणि पाटेक यांच्या १७० वर्षांच्या संबंधांनिमित्त फक्त १७० घड्याळे काढली होती, त्यातले हे एक. दुकानातली किंमत ५२ हजार डॉलरच्या घरात. लिलावात आले ६५ लाख डॉलर. रक्कम पर्यावरणाच्या कामासाठी देण्यात आली, हे खरे. पण दानधर्म धरूनही तो आकडा बाजाराच्या तापाचा होता.

२०२२ च्या वसंत ऋतूनंतर तो ताप उतरला. व्याजदर वाढले, क्रिप्टो कोसळले आणि त्या पैशांवर घड्याळे घेणारे बाजारातून पळाले. साध्या ५७११ चा भाव एक लाख डॉलरच्या बराच वर जाऊन खाली घसरला. शिखरावर घेतलेल्यांचे मोठे नुकसान झाले. उलट १५१८ सारख्यांना त्या घसरणीने फारसा धक्का लागला नाही. कारण सरळ आहे. ठरवून केलेली टंचाई उद्या ठरवून संपवताही येते. कारखाना चालू आहे. १९४० च्या दशकातले पाचवे स्टील १५१८ मात्र आता कोणी बनवू शकत नाही. फार तर कुणाच्या तरी कपाटात सापडेल.

आणि ५७११ च्या जागी पुढच्या वर्षी काय आले? ५८११. ते पांढऱ्या सोन्याचे आहे. लांबून बघितले तर स्टीलच वाटते.

ठरवून केलेल्या टंचाईचे टोक बघायचे तर २०१९ चे. ‘ओन्ली वॉच’ या जिनिव्हातल्या धर्मादाय लिलावासाठी पाटेक फिलिपने आपले सर्वांत गुंतागुंतीचे मनगटी घड्याळ ‘ग्रँडमास्टर चाइम’ एकदाच, फक्त एकच, स्टीलमध्ये बनवले. त्यात २० वेगवेगळ्या करामती. ३ कोटी १० लाख स्विस फ्रँक आले, आणि लिलावात विकले गेलेले सर्वांत महाग घड्याळ म्हणून आजही त्याचेच नाव घेतले जाते. पैसे मुलांना होणाऱ्या ड्युशेन या स्नायूंच्या आजारावरील संशोधनाला गेले.

पुरावा नसेल तर काही नाही

सोन्याचे घड्याळ नकली निघाले तरी हातात निदान सोने उरते. स्टीलचे नकली निघाले तर उरते ते स्टील. म्हणून हा बाजार कागदांवर चालतो. मूळ पेटी, वॉरंटी कार्ड, दुकानाचे बिल, दुरुस्तीच्या पावत्या. पाटेक फिलिपसारख्या कंपन्या आपल्या जुन्या दप्तरातून उतारा देतात. अमुक क्रमांकाचे घड्याळ अमुक साली बनले, अमुक तारखेला विकले गेले, केस कोणत्या धातूची, डायल कसली. आपल्याकडे जमिनीला सातबारा, सीमाभागात आरटीसी, तसेच हे समजा.

पण उतारा असला तरी जमिनीचे व्यवहार फसतातच, तसे इथेही होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमेगा कंपनीचे १९५० च्या दशकातले स्टीलचे ‘स्पीडमास्टर’ जिनिव्हात सुमारे ३१ लाख फ्रँकला विकले गेले. काळी डायल उन्हाने चॉकलेटी झालेली. संग्राहक अशा डायलला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात. विकत कोणी घेतले? खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झाले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेले होते, आणि त्यात आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात होता असे कंपनीने जाहीर केले. बनवणारी कंपनीच स्वतःचे घड्याळ घेताना फसू शकते, तर मोबाइलवर फोटो बघून घेणाऱ्याची काय कथा.

डायलच्या बाबतीत मुंबईचे नाव जगभर झाले आहे, दुर्दैवाने चांगल्या अर्थाने नाही. जुन्या एचएमटी, वेस्ट एंड, फेवर लुबा, सेको यांच्या डायल नव्याने रंगवून, हवे ते काटे आणि भाग बसवून ही घड्याळे ऑनलाइन विकली जातात. परदेशी संग्राहक त्यांना सरळ ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. सोनेरी, हिरवी, भगवी अशी नवीकोरी चकचकीत डायल साठ वर्षांपूर्वीच्या घड्याळावर दिसली की समजावे. रोजच्या वापरासाठी घेतले तर त्यात गैर काही नाही. वेळ ते बरोबरच दाखवते. संग्रहाची वस्तू म्हणून मात्र किंमत शून्याच्या जवळ.

भारताचा या विषयाशी त्याहून चांगला संबंधही आहे. जॅगर-लेकोल्ट्र कंपनीचे ‘रिव्हर्सो’ हे आयताकृती घड्याळ १९३१ मध्ये आले ते ब्रिटिश हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून. चेंडू किंवा काठी लागून घड्याळाची काच फुटायची. म्हणून पूर्ण डबी उलटी फिरवून पाठ वर करता येईल अशी सोय केली. ती पाठ कशाची, तर स्टेब्राइट नावाच्या, तेव्हा नव्या असलेल्या स्टेनलेस स्टीलची. सोने तिथे पोचून गेले असते.

घरातल्या जुन्या घड्याळाचे काय?

सीमाभागात लष्करात नोकरी केलेली घरे भरपूर. बेळगावात तर मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच आहे. वेस्ट एंडचे ‘सोवार प्राइमा’, फेवर लुबा किंवा आजोबांच्या निवृत्तीला मिळालेले एचएमटी अशी घड्याळे या घरांच्या ट्रंकेत निघतात. त्यांना कोटी मिळणार नाहीत, लाखही नाहीत. तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाल्यापासून ‘जनता’ आणि ‘पायलट’ यांच्या चांगल्या, मूळ स्थितीतल्या घड्याळांना शौकीन विचारत येतात, हे खरे आहे.

मूळ स्थिती हाच यातला महत्त्वाचा शब्द. दुकानदार प्रेमाने म्हणतो, पॉलिश मारून नव्यासारखे करून देतो. नको म्हणा. बफच्या चाकावर स्टीलच्या कडा गोल होतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. जुनी डायल पिवळी पडली असेल, डाग असतील, तरी रंगवू नका. दुरुस्तीत काही भाग बदललाच तर जुना भाग पुडीत बांधून मागून घ्या. आत पाणी गेले असेल किंवा तेल सुकले असेल तर सर्व्हिसिंग जरूर करा, त्याने किंमत जात नाही. साधारण १९६० पूर्वीच्या, अंधारात चमकणाऱ्या डायलवर रेडियम असू शकते. असे घड्याळ उगाच उघडून डायल खरवडू नये.

नवे महागडे घड्याळ घेणाऱ्यांसाठी हिशेबाच्या दोन गोष्टी. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्यात स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क एकदम नव्हे, तर काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. दुबईहून कुणी घड्याळ आणून देत असेल तर ते विमानतळावर जाहीर करावे आणि शुल्काची पावती घड्याळाबरोबरच जपावी. पुढे विकताना ती पावतीही कागदपत्रांतच धरली जाते.

दुसरे, २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांवरच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर दुकानदार ग्राहकाकडून १ टक्का टीसीएस घेतो. हा जादा कर नव्हे. तो आपल्या नावावर आगाऊ जमा होतो आणि रिटर्न भरताना वजा करून घेता येतो. त्यासाठी बिलावर पॅन बरोबर पडला आहे ना, ते दुकानातून निघण्यापूर्वीच बघून घ्यावे.